हातात दिलेले पैसे

सालमिया, कुवेत
१८ जून २०२५

प्रिय शतू,

आधी एका कॉफीचा हिशोब ऐक. फ्रँकफर्टच्या विमानतळावर कॉफी घेतली, चार युरो ऐंशी सेंट. सरळ भावाने एक दिनार सहाशे चौऱ्याऐंशी फिल्स. कार्ड लावलं तर मशीन विचारतं, पैसे युरोत देणार की दिनारमध्ये. एवढ्या लांब आपल्या दिनारचं नाव दिसलं, छाती फुगली, बोट दिनारवर दाबलं. मशीनने स्वतःचा भाव लावला, वर बँकेने परदेशात कार्ड वापरल्याची फी लावली, आणि खात्यातून गेले एक दिनार आठशे साठ. म्हणजे तुझे पाचशेवीस रुपये. राई भागात माझ्या दुकानासमोर दूध-वेलचीचा करक चहा शंभर फिल्सला मिळतो. एका कागदी कपात मी अठरा चहा प्यालो, आणि तेही कडू. रबिया म्हणाली, "दिनारवर बोट कशाला दाबलंत? तो काय तुमचा चुलतभाऊ आहे?"

पत्र रियाजबरोबर पाठवतोय. मेहुणा असला तरी माणूस भरवशाचा आहे, पाकीट उघडणार नाही. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मेसेज पाठवला तर तुझं सगळं घर वाचतं, म्हणून आपली ही जुनी पद्धतच बरी. बावीस वर्षं तू इथल्या वर्कशॉपमध्ये करवतीच्या मशीनपाशी कान घालवलेस. तुझ्या वाटणीचं ऐकायचं काम तेव्हापासून माझ्याकडे आहे.

ईदच्या सुट्टीत आठवडाभर जर्मनी झाली. चांगली झाली. रस्ते असे की गाडीत चहाचा पेला ठेवावा. माणसं मात्र आपल्यापेक्षा जुन्या वळणाची. मला वाटलं होतं सगळीकडे कार्डच चालत असेल. कासेलला एका बेकरीत बाईने कार्डाकडे असं पाहिलं, जसा मी तिला फाटकी नोट देतोय. नोटा लागतात तिथे.

आता तुझ्या कामाचं. आपलं ठरलं होतं की माझ्या गावच्या घराच्या दारं-खिडक्यांचे तुझे एक लाख अठ्ठावीस हजार मी तुला तिथे द्यायचे नाहीत, त्याऐवजी तेवढे युरो कासेलला तुझ्या विशाखाच्या हातात द्यायचे. तिला हॉस्पिटलचं हॉस्टेल सोडून खोली घ्यायची होती, सात जूनच्या आत डिपॉझिट भरायचं होतं. तू बँकेतून पाठवतो म्हणत होतास, मीच म्हटलं कशाला कमिशन भरतोस, मी जातोच आहे. तर पैसे तिला पोचले. तेराशे युरो, पुरते.

पोर तुझी हुशार आहे. जर्मन अशी बोलते की मी बघत राहिलो. वजन थोडं कमी झालंय, पण तिथे सगळ्यांचंच होतं. आणि एक सांगतो, तिला आम्ही होतो तेवढे दिवस एक पैसा काढू दिला नाही. हॉटेल, जेवण, गाडीभाडं, सगळं अब्बासच्या अंगावर. कुवेतचा दिनार आहे बाबा, जगात त्याच्या वर कुठली नोट नाही.

सीतावहिनींना सलाम. घराचं काम कुठवर आलं ते लिही.

तुझा,
अब्बास


खाडीवाडी, जि. रत्नागिरी
२ जुलै २०२५

अब्बास,

रियाज पत्र देऊन गेला. मी दोनदा वाचलं, मग सीतेला वाचून दाखवलं, मग तिने शेजारी जाऊन सांगितलं. आता गावात सगळ्यांना ठाऊक आहे की अब्बासने जर्मनीपर्यंत जाऊन शत्रुघ्नाच्या पोरीच्या हातात पैसे ठेवले. तुझी सुरैयाबेन भेटली होती, म्हणाली माझा भाऊ लहानपणापासून असाच, शब्द दिला की दिला. मी म्हटलं, मला काय सांगतेस, एका खोलीत अकरा वर्षं राहिलोय त्याच्याबरोबर.

अब्बास, मला लिहायला नीट जमत नाही, पण हे लिहितो. पोरगी एवढ्या लांब गेली तेव्हा मला रात्री झोप नव्हती. बापाचं माणूस तिच्या दारापर्यंत जाऊन आलं, हे माझ्यासाठी पैशापेक्षा मोठं आहे. म्हणून मी ठरवलंय की तुझ्या घराचं पुढचं दार माझ्याकडून. सागवान आहे माझ्याकडे, दहा वर्षं सुकवलेलं. नक्षी तुझ्या मर्जीची. पैशाचं नाव काढायचं नाही. काढलंस तर दार बसवणार नाही आणि तुझ्या घरात खाडीचा वारा शिरेल.

आता एक विचारायचं आहे. विशाखा दर रविवारी व्हिडिओवर येते. सीता बोलते, मी बघतो. मला ऐकू येत नाही म्हणून मी बघतो जास्त. गेले तीन रविवार तिच्या मागे लोखंडी कपाटं दिसतात, उभी, अरुंद, ओळीने, प्रत्येकाला कुलूप. खोलीत अशी कपाटं कुणी ठेवतं का? सीता म्हणाली विचारते, तर पोरगी म्हणाली, आई, नवीन खोली अशीच आहे. मग बोलणं दुसरीकडे नेलं.

तू खोली पाहिली असशील. कशी आहे? खिडकीला उजेड येतो का? आणि दार कसलं आहे ते लिही. दारावरून मला घर कळतं. त्या देशात म्हणे बीच नावाचं लाकूड फार वापरतात.

शत्रुघ्न

ता.क. रबियाभाभींना सांग, तिकडच्या कॉफीच्या बदल्यात इथे आलात की सीतेच्या हातचा चहा. फुकट.


ईमेल
६ जुलै २०२५

बेटा विशाखा,

तुझ्या बाबाचं पत्र आलं. व्हिडिओत लोखंडी कपाटं दिसतात म्हणून विचारतोय. मलाही ऐकायचं आहे. तू म्हणाली होतीस, काका, दोनचार दिवसांत दुसरी खोली बघते. बारा जूनला मी बँकेतून पाठवलेले पैसे तुला मिळाल्याचं तू लिहिलंस, पण खोलीचं काही लिहिलं नाहीस. मीही विचारलं नाही, खरं तर विचारायला धीर झाला नाही.

तू कुठे राहतेस?

नसेल सोय तर कुणा ओळखीच्या पत्त्यावर नाव लावून टाक. कुवेतमध्ये अर्धी माणसं राहतात एकीकडे आणि सिव्हिल आयडीवर पत्ता दुसरीकडचा असतो. कागद झाला की झालं.

अब्बासकाका


ईमेल
७ जुलै २०२५

अब्बासकाका,

नमस्कार. तुम्ही टेन्शन घेऊ नका म्हणून लिहिलं नव्हतं.

ती खोली गेली. त्या शनिवारीच गेली, सात जूनला. दुसरी मुलगी कॅश घेऊन आली आणि घरमालकीण बाईंनी तिला किल्ली दिली. त्यांची चूक नाही, त्यांनी मला तारीख सांगितली होती. जूनअखेरीस हॉस्टेल सोडावं लागलं, कारण माझी जागा नवीन बॅचला दिली होती. तीन आठवडे मी ड्युटी संपल्यावर हॉस्पिटलच्या चेंजिंग रूममधून बाबांशी बोलते, कारण हॉस्टेलची खोली त्यांनी पाहिलेली आहे, आणि इथे वायफायही चांगलं आहे. एक तारखेपासून एका मैत्रिणीकडे झोपते, जमिनीवर गादी टाकून. तिच्या घरमालकाला माहीत नाही, त्यामुळे तिचा पत्ता मला लावता येत नाही. आणि काका, इथे खोट्या पत्त्यावर नाव लावलं तर दंड होतो, घर देणारा सही करतो त्या कागदावर. कुवेतसारखं नाही.

प्रॉब्लेम तो पत्त्याचाच आहे. एकवीस जुलैला माझी व्हिसा ऑफिसला अपॉइंटमेंट आहे. पत्त्याचा कागद नसेल तर मुदत वाढवून देणार नाहीत, आणि मुदत नसेल तर हॉस्पिटल ऑगस्टपासून ड्युटी लावणार नाही. मी रोज खोल्या बघते. एका खोलीला साठ माणसं येतात. तुमचे तेराशे आले, हॉटेलचे पैसेही तुम्ही त्यातच जास्तीचे घालून परत केलेत, सगळे अकाउंटला आहेत. आता पैसे आहेत, खोली नाही.

बाबांना सांगू नका, प्लीज. ते ऐकतील आणि तुमच्याशी बोलणं बंद करतील, मी ओळखते त्यांना. माझ्या एका खोलीपायी तुमची एवढ्या वर्षांची मैत्री तुटायला नको. मी मॅनेज करते.

काकूंचा पाय कसा आहे? इथे चालून सुजला होता.

विशाखा


सालमिया, कुवेत
१० जुलै २०२५

प्रिय शतू,

दोन ओळी लिहितो, दुकानात गर्दी आहे. उन्हाळ्यात सगळ्यांच्या गाड्यांचे एसी एकदम मरतात, आणि माझं भलं होतं.

विशाखा ठीक आहे. कपाटांचं मनावर घेऊ नकोस, ती हॉस्पिटलातून फोन करते, तिथे इंटरनेट बरं असतं.

खोली पाहिली. लहान आहे पण स्वच्छ. खिडकी पूर्वेला. दार पांढऱ्या रंगाचं होतं, रंगाखाली लाकूड कुठलं ते मला कुठून कळणार.

पुढच्या दाराचं मात्र ऐकणार नाही. लाकडाचे तरी पैसे घे.

तुझा,
अब्बास


खाडीवाडी
२७ जुलै २०२५

अब्बास,

हे पत्र टपालाने टाकतो आहे, जाणारं माणूस सापडेपर्यंत थांबवत नाही.

एकवीस तारखेला विशाखा रडत फोनवर आली. सीता ओरडून माझ्या कानात सांगत होती. राहायला पत्ता नाही म्हणून कचेरीत कागद घेतले नाहीत. एक तारखेपासून काम बंद, पगार बंद. मी म्हटलं, पत्ता नाही म्हणजे काय? खोलीचं काय झालं? सीता म्हणाली, ती म्हणते खोली मिळालीच नव्हती.

मिळालीच नव्हती. अब्बास, तू पैसे तिच्या हातात दिलेस, तू खोली पाहून आलास, पूर्वेची खिडकी, पांढरं दार. तुझं पत्र माझ्यासमोर आहे. मी तेच तिला सांगितलं. म्हटलं, काका खोटं लिहील का? तो खोली बघून आला आणि तू म्हणतेस खोली नव्हती? पैसे कुठे घातलेस? कुणाला दिलेस? कुणाबरोबर राहत होतीस त्या खोलीत, की आता सांगायला तोंड नाही?

हे शेवटचं मी बोलायला नको होतं. पण बोललो. सीता मला धरत होती. मला माझाच आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे किती मोठ्याने बोललो तेही माहीत नाही.

 तिने फोन ठेवला. त्या दिवसापासून उचलत नाही. सीतेचाही नाही. आजचा रविवारही तसाच गेला.

मी चाळीस वर्षं लाकूड हाताळतोय, आत कीड आहे का ते वरून सांगतो. आपल्याच पोरीचं कळलं नाही. तू तिथे चार दिवस होतास. तुझे कान तिखट आहेत. तुला काही वेगळं ऐकू आलं असेल, कुणाचा फोन, काही. असेल तर सांग. माझं मन राखायला लपवू नकोस.

तुझं दार झालं आहे. बसवलं नाही. हात चालत नाही.

शत्रुघ्न


सालमिया, कुवेत
४ ऑगस्ट २०२५

शतू,

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. रियाज उद्या पहाटेच्या विमानाने येतोय, त्याच्या हातात हे देतो. वाचल्याशिवाय दुसरं काही करू नकोस.

विशाखाने पैसे उडवले नाहीत. सात जूनला तिच्याकडे पैसे नव्हतेच. ते माझ्या कमरेच्या पट्ट्यात होते. खोली मी पाहिली नाही. पूर्वेची खिडकी आणि पांढरं दार मी दुकानात बसून लिहिलं, कारण तू दाराचं विचारलंस आणि मला काहीतरी लिहायचं होतं.

आता झालं ते सांगतो, जसं झालं तसं.

निघायच्या आधी इथल्या एक्सचेंजमध्ये गेलो. दिनारला दोन युरो एकोणऐंशी सेंट देत होते. मी म्हटलं, बाजारात भाव दोन पंच्याऐंशीचा आहे, जर्मनीतच बदलू, तिथे दिनारला मान मिळेल. पाचशे दिनार नोटांत घेऊन निघालो. फ्रँकफर्टला उतरल्यावर खिडकीवरचा माणूस म्हणाला, दोन पस्तीस. मी हसलो. रबिया म्हणाली, "घ्या ना, पोरीला उद्याच द्यायचेत." मी म्हटलं, "हा लुटारू आहे, शहरात बँका आहेत." असं बोलून छाती काढून चालू लागलो. घेतले असते तर माझे अठ्ठ्याऐंशी दिनार बुडाले असते. एवढंच.

कासेलला शुक्रवारी दुपारी पोचलो. बँकेत गेलो. विशाखाने जर्मनमध्ये विचारलं. बाई म्हणाली, आम्ही डॉलर, पाउंड, फ्रँक घेतो, हे आमच्या यादीत नाही. दुसऱ्या बँकेत तेच. तिसरी बंद झाली होती. हॉटेलात कार्ड लावलं, तर नाकारलं. पुन्हा लावलं, नाकारलं. माझं सिव्हिल आयडी निघायच्या आठवड्यात नवीन झालं होतं. ते नवीन ओळखपत्र बँकेत नेऊन दाखवायचं असतं, ते दाखवलं नव्हतं. जुन्याची मुदत पाच जूनला संपली आणि बँकेने कार्ड थांबवलं. सगळी चूक माझी. फोन लावला तर बँक म्हणते, तुमच्या कुवेतच्या नंबरवर आकडा पाठवलाय, तो सांगा. तो नंबर मी दुकानाच्या खणात ठेवून आलो होतो, रोमिंगचे पैसे वाचवायला. दुकान ईदसाठी बंद. इकडे सोमवारपर्यंत सुट्टी, तिकडेही सोमवारी कसलासा सण, बँका बंद.

मी पंचवीस नोटा हॉटेलच्या टेबलावर मांडल्या. टेबलामागचा पोरगा चांगला होता. एक नोट उजेडात धरली, दुसऱ्याला बोलावून दाखवली, म्हणाला फार सुंदर नोट आहे. आणि परत केली. रबियाचा पाय सुजला होता, ती बॅगेवर बसली होती. तेव्हा विशाखाने आपलं कार्ड काढलं. मी म्हटलं, नको बेटा. ती म्हणाली, "काका, काकूंना बसायला खोली तर हवी." चार रात्रींचे चारशे शहाण्णव युरो तिने भरले.

आता ऐक. तू विचारलंस, मला काही ऐकू आलं का. आलं.

शनिवारी सकाळी ती हॉटेलच्या बोळात उभी राहून घरमालकीण बाईंशी फोनवर बोलत होती. मला जर्मन येत नाही, पण एक शब्द पलीकडून तीनदा आला आणि विशाखाने तो तीनदा हळू आवाजात परत म्हटला. फ्युन्फहुंडर्ट. मी खाली जाऊन त्या पोराला विचारलं, म्हणजे काय. तो म्हणाला, पाचशे. मला कळलं. मंगळवारी बँका उघडेपर्यंत थांबा, असं सांगायला विशाखाने फोन लावला होता, आणि ती बाई थांबायला तयार होती, तिला फक्त बयाणा पाचशे हवे होते. विशाखाकडे स्वतःचे साठवलेले पाचशेच होते, आणि ते आदल्या दिवशी हॉटेलच्या टेबलावर गेले होते. ती फोन ठेवून वळली, मी समोर उभा. मी विचारलं, "काय म्हणाली?" ती म्हणाली, "काही नाही काका, दुसरी बघू."

मी ऐकलंय हे मी तिला सांगितलं नाही. कुणालाच नाही. रबियालाही आज सांगितलं. ती उठून आतल्या खोलीत गेली.

परतताना फ्रँकफर्टच्या त्या खिडकीवर पडदा ओढलेला होता. बारा तारखेला इथून पैसे पाठवले आणि तुला लिहिलं, पैसे पोचले. त्यात खोटं असं नव्हतं, म्हणून लिहायला सोपं गेलं. मग तू गावभर सांगितलंस, दार करायला घेतलंस, आणि मला मागे फिरता येईना. जुलैत विशाखाने मला लिहिलं की बाबांना सांगू नका, तुमची मैत्री जाईल. मी ते निमित्त दोन्ही हातांनी धरलं. पोर माझी लाज राखत होती आणि मी तुझा राग तिच्यावर जाऊ दिला.

तुझं पत्र वाचून मी तिला फोन केला. माझा उचलला. म्हटलं, मी बाबाला सगळं लिहितोय. तिच्या मागे कुणीतरी भांडी धूत होतं. मग म्हणाली, "बाबांनी मला काय विचारलं ते तुम्हाला माहीत आहे का?" मी म्हटलं, हो, त्याने लिहिलंय. ती म्हणाली, "मग लिहा."

खोलीचं सांगतो. तिच्या वॉर्डातल्या एका बाईच्या घरी वरची खोली पंधरा ऑगस्टपासून रिकामी होते आहे. शहराबाहेर, बसने पन्नास मिनिटं, सकाळच्या ड्युटीला चार वाजता उठावं लागेल. ती बाई पत्त्याच्या कागदावर सही देणार आहे. कचेरीने वीस तारीख दिली आहे. कागद वेळेत झाला तर काम पुन्हा सुरू होईल. पगार तोवर नाही. मी पाठवतो म्हटलं, ती नको म्हणाली. मी आग्रह केला नाही, आग्रह करायचा हक्क उरला नाही.

तू तिला फोन कर. तुला ऐकू येत नाही हे मला माहीत आहे. तिला येतं.

दार बसवू नकोस. ते विकून टाक, नाहीतर तुझ्या घराला लाव. सुरैयाला आणि गावात काय सांगायचं ते तू ठरव, मी त्यात शब्द बोलणार नाही. माझ्याशी बोलायचं की नाही तेही तूच ठरव.

अठरा जूनच्या पत्रात मी लिहिलं होतं की विशाखाला आम्ही एक पैसा काढू दिला नाही. दहा तारखेला आम्ही निघालो तेव्हा फ्रँकफर्टच्या गाडीची दोन तिकिटं तिने काढली, आणि वाटेत खायला चार पाव आणि दोन केळी पिशवीत घालून दिली.

अब्बास